शून्याची नोंद

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत, ओहोटी जवळजवळ पुरी उतरली होती. बांधाच्या कडेला घोटाभर चिखलात उभी राहून एक मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. गळ्यात दुर्बीण, हातात पेन नव्हे, पेन्सिल, कारण घामानं आणि खाऱ्या पाण्यानं शाई पसरते. मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दाराच्या, कठड्यावर एक म्हातारा जाळ्यात अडकलेल्या कुर्ल्या सोडवत बसला होता. बराच वेळ त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मग विचारलं, "कितें बरयता गो बाय?" पाणमांजराच्या खुणा बघतेय, ती म्हणाली. "मेळ्ळ्यो?" "ना." म्हाताऱ्यानं हातातली कुर्ली शांतपणे बादलीत टाकली. "मागीर बरयता कितें?"

ती नुसती हसली आणि पुन्हा लिहायला लागली. प्रश्न मात्र रायबंदरच्या फेरीबोटीत चढला तो पणजीला पोचेपर्यंत काही उतरला नाही. प्राण्यांचं वर्तन आणि वन्यजीव संवर्धन शिकवणाऱ्या कुठल्याही विभागात विद्यार्थ्यांना सगळ्यात जड जातो तो हाच प्रश्न. सापडलं नाही, तर लिहायचं काय? मुलं येतात ती वाघ, हत्ती, धनेश मनात घेऊन. पहिल्या सत्रात त्यांच्या हाती पडतो रकान्यांचा तक्ता, आणि त्यातले बहुतेक रकाने शून्यानं भरतात. काहींना हा आपल्यावर झालेला अन्याय वाटतो. थोड्यांना त्यात गोडी लागते, आणि पुढे या कामात टिकतात ती तीच.

तिच्या पानावर काय होतं, ते बांधावरून न वाचताही सांगता येतं. पाणमांजराची पाहणी म्हणजे पाणमांजर बघत हिंडणं नव्हे. प्राणी क्वचित दिसतो. शोधायच्या त्याच्या खुणा. बांधाचा सहाशे मीटरचा तुकडा आधी नकाशावर ठरवायचा. "इथे काही असेलसं वाटतंय" म्हणून जागेवर निवडायचा नाही, नाहीतर चांगल्या जागाच पदरात पडतात. मग सावकाश चालायचं. चिऱ्यांच्या फटी, मानशीचा दगडी कठडा, तिवराच्या बुंध्याशी उंचावर राहिलेली कोरडी जमीन, दोन ओहोळ मिळतात तो कोपरा, एवढं सगळं बघायचं. पाणमांजर विष्ठा टाकतं ते अशा उठून दिसणाऱ्या, ठरलेल्या जागी, आणि कळप असला तर सगळे मिळून एकाच ठिकाणी. ताजी असते तेव्हा ती काळपट हिरवी, बुळबुळीत असते आणि वास येतो तो बाजार उठल्यावर अजून न धुतलेल्या मासळीच्या ओट्यासारखा. सुकत गेली की आतले खवले उन्हात चमकतात. अजून जुनी झाली की ती राखाडी पडते आणि चिमटीत धरताच भुगा होतो. कोल्हाही खाजनात कुर्ल्या खातो, त्यामुळे नुसतं कवच दिसलं की पाणमांजर म्हणून मोकळं व्हायचं नाही. कोल्ह्याच्या विष्ठेत केस असतात आणि तिचं टोक निमुळतं असतं. कुंभारजुव्याच्या कालव्याकडच्या बाजूला आणखी एक पथ्य आहे. पाण्याच्या अगदी काठावर उकिडवं बसून नमुना गोळा करायचा नाही. मगरी आहेत. आडपई-दुर्भाटची माणसं पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, ते उगीच नाही.

यातलं काहीच मिळालं नाही, तरी पान भरायचंच. सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, शोधणारी माणसं किती, ओहोटी किती वाजता, मागचं उधाण कधी येऊन गेलं, मागचा पाऊस कधी, काठ चिऱ्याचा की मातीचा, मानस उघडी की बंद, कुत्र्यांचे ठसे आहेत का. हे सगळं लिहून झालं की शेवटच्या रकान्यात शून्य. हे शून्य म्हणजे "इथे, या वेळी, अशा परिस्थितीत, एवढा वेळ, एवढ्या डोळ्यांनी शोधलं आणि मिळालं नाही" हे पूर्ण वाक्य असतं. आधीचे रकाने कोरे राहिले, तर शेवटच्या शून्याला अर्थच उरत नाही.

उधाणाचा रकाना कशासाठी, हे पहिल्याच महिन्यात अंगावर येतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला भरतीचं पाणी बांधाच्या ज्या रेषेपर्यंत चढतं, त्या रेषेखालचं सगळं धुऊन जातं. चिऱ्यावर ओल्या शेवाळाची हिरवी पट्टी आणि तिच्यावर कोरडा तांबूस दगड, ही सीमा उघड्या डोळ्यांना दिसते. उधाण ओसरल्यावर लगेच जो बांधावर गेला त्याला स्वच्छ दगड मिळतो, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, दिवसांत त्याच जागी गेलेल्याला आठवड्याभराचा साठा. पाणमांजरं तेवढीच असतात, बदललेलं असतं ते पाणी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून "आम्ही रोज सकाळी सातला जातो" ही शिस्त इथे कामाची नाही. जायचं ते ओहोटीच्या घड्याळावर. आणि पावसाळ्यात तर प्रश्नच मिटला. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर बांधावर काही टिकत नाही. जुलैतलं शून्य जानेवारीतल्या शून्याशेजारी मांडून "पावसाळ्यात पाणमांजरं निघून जातात" असा निष्कर्ष काढणारा प्रबंध अशक्य मुळीच नाही.

संगणकावर बसल्यावर ही गोष्ट आणखी उघडी पडते. समजा बांधाचे दहा तुकडे पाहिले. चार तुकड्यांत विष्ठेच्या जागा मिळाल्या तीन, दोन, पाच आणि दोन. बाकी सहांत काही नाही. सहा ठिकाणी शून्य टाकलं, तर सरासरी येते १.२. कंटाळून ते रकाने रिकामे सोडले, तर एक्सेल रिकाम्या रकान्यांना सरासरीत धरतच नाही. चारांतच भागून उत्तर देतं ३. एकाच खाजनात, एकाच आठवड्यात, नुसत्या आळसानं पाणमांजरं अडीचपट झाली. आणि उलटही होतं. समजा सहांपैकी दोन तुकड्यांवर त्या दिवशी कोणी गेलंच नव्हतं, मानस उघडी होती आणि पाणी मांडीपर्यंत होतं. तिथेही कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेनं शून्य टाकलं, तर न पाहिलेली जागा पाहून रिकामी ठरवलेली जागा होऊन बसते. म्हणून न पाहिलेल्या जागेसाठी वेगळी खूण हवी. आर ही सांख्यिकीची संगणकप्रणाली वापरणारे तिथे एनए (NA) लिहितात. वहीत साधी आडवी रेघ पुरते, फक्त ती रेघ कशासाठी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं, कारण पुढच्या वर्षी ती वही दुसऱ्याच कोणाच्या हातात असणार.

बरं, काळजीपूर्वक लिहिलेलं शून्य तरी खरं असतं का? दरवेळी नाही. समजा एखाद्या तुकड्यावर पाणमांजर खरोखर आहे, पण एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता दहात तीन. पाच फेऱ्या मारूनही ते पाचही वेळा निसटण्याची शक्यता निघते ०.७ चा पाचवा घात, म्हणजे जवळपास १७ टक्के. ही शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आणायची तर नऊ फेऱ्या लागतात. आणि दहात तीन हा आकडा तरी आणायचा कुठून? त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन. कुठल्या फेरीत सापडलं, कुठल्या फेरीत नाही, या माळेतूनच, ०१००१ अशा, सापडण्याची शक्यता आणि प्राणी तिथे असण्याची शक्यता वेगवेगळी काढता येते. मॅकेन्झी या संख्याशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ही रीत मांडली आणि त्यानंतर जगभरच्या पाहण्यांचं रूप पालटलं. ही माळ बनते ती शून्यांमुळे. नुसत्या एकांच्या यादीतून यातलं काहीच निघत नाही.

म्हाताऱ्याला सांगण्यासारखं उत्तर हे होतं, पण ओहोटी संपेपर्यंत ते सांगून झालं नसतं.

माणसाचे डोळे चुकतात म्हणून कॅमेरे लावावेत, तर कॅमेऱ्यांचं शून्य आणखी फसवं. झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप प्राणी ओळखत नाही. समोरून जाणाऱ्या वस्तूचं तापमान पाठीमागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळं आहे का, एवढंच त्याचा सेन्सर जाणतो. एप्रिल-मेच्या दुपारी सड्यावरचा जांभा दगड अंगाइतकाच तापलेला असतो, तेव्हा समोरून गवा गेला तरी कॅमेरा गप्प राहू शकतो. पाण्यातून नुकतंच बाहेर आलेलं पाणमांजर तर त्याला जवळजवळ दिसतच नाही. दाट फर ओलं आणि थंड, आतली ऊब बाहेर येत नाही. तेच पाणमांजर बांधावर लोळून अंग सुकवून परत निघालं, की फोटो येतो. म्हणजे कॅमेरा पाण्याच्या तोंडाशी लावला तर शून्य, चार पावलं मागे लोळण्याच्या जागेवर लावला तर कळप. मांजराएवढ्या प्राण्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या जरा खाली, तीस-चाळीस सेंटीमीटरवर. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे उगवता-मावळता सूर्य थेट आत येत नाही. समोरचं गवत छाटून टाकायचं, नाहीतर वाऱ्यावर हलणाऱ्या गरम पात्यांचे हजारो फोटो आणि संपलेली बॅटरी. गोव्याच्या दमट हवेत आत सिलिका जेलची पुडी हवीच, आणि तरीही मुंग्या घर करतात ते करतातच.

यात सगळ्यात जास्त नुकसान करते ती मेलेली बॅटरी. कॅमेरा तीस रात्री झाडावर होता, पण अकरा रात्रींनंतर बंद पडला. अहवालात लिहिलं जातं, "तीस रात्री, नोंद नाही." खरं तर अकरा रात्री शून्य आणि एकोणीस रात्री आडवी रेघ. यावर उपाय सोपा आहे: रोज दुपारी बारा वाजता आपोआप एक फोटो निघेल अशी व्यवस्था करून ठेवायची. शेवटचा दुपारचा फोटो ज्या तारखेचा, तिथपर्यंत कॅमेरा जिवंत. त्या फोटोवरची तारीख जर १ जानेवारी असेल, तर बॅटरी बदलताना घड्याळ लावायचं राहिलंय.

वर्तनाच्या अभ्यासात शून्य आणखी वेषांतर करून येतं. मोलेच्या रस्त्यावर किंवा अनमोड घाटाच्या वळणांवर माकडं बसलेली असतात, गाड्या थांबतात, केळी-वेफर्स बाहेर येतात. वर्तन शिकायला इथे आलेल्या मुलांना पहिल्या तासात वाटतं की हे अगदी सोपं आहे. वही भरते: भांडण, पाठलाग, पिशवी पळवली, दात दाखवले. हे सगळं डोळ्यांनी ओढून नेलेलं असतं. जीन अल्टमन या गणिताची पदवी घेतलेल्या बाईंनी केनियातल्या बबून माकडांचा अभ्यास करताना नेमका हाच रोग ओळखला, आणि १९७४ साली चाळीसेक पानांचा एक लेख लिहिला. आजही वर्तनाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात तो हातात पडतो. जे नजरेत भरलं ते लिहिलं, तर भांडणं जास्त आणि झोपा कमी दिसणार. म्हणून एक तर कुठलं माकड पाहायचं ते आधी ठरवायचं, फाटका कान, वाकडी शेपटी, नाकावरचा व्रण अशा खुणांवरून ओळखून, आणि दहा मिनिटं तेवढ्याच माकडाला सोडायचं नाही, मग शेजारी महाभारत का चालू असेना. नाहीतर दर पंधरा मिनिटांनी घड्याळाच्या ठोक्याला सगळ्या टोळीवर एकदाच नजर फिरवायची, आणि त्या क्षणी प्रत्येक जण काय करतोय तेवढं टिपायचं.

त्यासाठी आधी वर्तनांची यादी लागते. तिच्यातली कुठलीही दोन वर्तनं एकमेकांत शिरत नाहीत आणि कुठलाही क्षण यादीबाहेर राहत नाही, अशी ती बांधायची. खाणं, चालणं, बसणं, एकमेकांचं अंग विंचरणं. दात विचकणं हे वेगळं, आणि त्याच्यापुढे "राग" किंवा "हसू" असं काही लिहायचं नाही. ओठ मागे ओढून दात दाखवणारं माकड बहुतेक वेळा घाबरून माघार घेत असतं, आणि नेमका तोच क्षण पर्यटक सेल्फीसाठी निवडतात. दोन जणांनी एकाच माकडाकडे एकाच वेळी बघून वेगवेगळं लिहायचं आणि मग जुळवून बघायचं. नोंदी जुळत नसतील तर दोष माकडाचा नसतो, व्याख्या सैल असते. यादीच्या तळाशी मात्र एक वर्तन असं असतं जे माकड करतच नाही: नजरेआड. माट्टीच्या शेंड्यावर पानांत शिरलेलं माकड काय करतंय ते दिसत नाही. समजा चाळीस नोंदींपैकी दहा वेळा माकड रस्त्यावर माणसांनी दिलेलं खाताना दिसलं, दहा वेळा इतर काही करताना, आणि वीस वेळा नजरेआड होतं. नजरेआडच्या नोंदी खोडून टाकल्या तर माकडाचा निम्मा वेळ फुकटच्या खाण्यात जातो. धरल्या तर पाव वेळ. खरं उत्तर यांच्यात कुठेतरी, कदाचित निम्म्याच्याही वर, कारण झाडावर ते आणखी कोणाचे वेफर्स खात बसलेलं असू शकतं. पण पन्नास टक्के हा आकडा एकदा छापला की तो फलकांवर जातो, विधानसभेत जातो, "माकडं आता रानात खातच नाहीत" होऊन परत येतो.

कुळागरवाल्याची, म्हणजे माडा-पोफळीच्या बागायतदाराची, तक्रार याहून वेगळी नाही, आणि खोटी तर नाहीच. ज्या दिवशी टोळी येऊन शहाळी पाडून जाते, तो दिवस त्याच्या मनात कोरला जातो. टोळी न आलेल्या दिवसाची नोंद कोण ठेवणार? पण नुकसान मोजायचं तर रोज सकाळी माडाखाली पडलेली, कुरतडलेली फळं मोजावी लागतात, ज्या सकाळी एकही नाही त्या सकाळीसुद्धा. शेकरूनं भोक पाडून पोखरलेलं शहाळं वेगळं, माकडानं पिरगळून तोडलेलं वेगळं. अशी वर्षभराची वही ज्या बागायतदाराकडे असेल, त्याला नुकसानभरपाईच्या टेबलावर कोणी गप्प करू शकणार नाही. त्याच्याकडून ती वही भरून घेण्याचं काम विद्यापीठाच्या पोरांनी करायला हवं. होतं मात्र क्वचित, कारण प्रबंध मार्चमध्ये द्यायचा असतो.

माणसांना विचारून माहिती गोळा करण्यातही एक शून्य मुद्दाम पेरावं लागतं. खाजनातल्या, नदीकाठच्या लोकांना फोटो दाखवून "हा प्राणी इथे आहे का" विचारतात. त्या फोटोंत एक असा प्राणी घालायचा जो गोव्यात नाहीच, एखादा परदेशी बीव्हर. कोणीतरी हमखास सांगतं, "हो हो, आमच्या पोंयीत गेल्या वर्षी होता." माणूस खोटारडा नसतो, पाहुण्या पोरीला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. त्याची बाकीची उत्तरं जपून वापरायची. आणि "दिसतं का?" असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर हो असंच येतं. "शेवटचं कधी, कुठे, काय करताना?" असं विचारलं की खरं पाहिलेला माणूस लगेच हात करून जागा दाखवतो.

प्रयोगशाळेतलं शून्य सगळ्यांत कमी रोमांचक. बांधावरून आणलेला नमुना साबणाच्या पाण्यात भिजत घालायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत नळाखाली धुवायचा, सुकवायचा आणि पांढऱ्या ताटलीत चिमट्यानं वेगळा करायचा: खवले, मणके, कुर्लीच्या नांगीचे तुकडे. ओळखायला जवळ संग्रह हवा. त्यासाठी बाजारातून शेवटे, काळुंदर, चणक, तामसो हे मासे आणून त्यांचे खवले आणि हाडं आधी साफ करून, नावाच्या चिठ्ठीसह ठेवायची (मांस खोलीवर शिजतं, त्याबद्दल अजून कोणाची तक्रार ऐकलेली नाही). पण लहान, मऊ सुंगटाचं (कोळंबीचं) पोटातून बाहेर येईपर्यंत फार थोडं शिल्लक राहतं. ताटलीत सुंगटाचा तुकडा नाही, म्हणून पाणमांजर सुंगटं खात नाही, असं मानशीत मासे पकडणाऱ्या भाडेकरूला जाऊन सांगू नये. त्याचं नुकसान त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

एवढा खटाटोप करून हाती आलेलं शून्य विद्यार्थ्याच्या पदरात काय टाकतं? अनेकदा काहीच नाही. तोंडी परीक्षेत "मग निष्कर्ष काय?" असा प्रश्न येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या आवाजातच उत्तर असतं. खूप फेऱ्या मारून नीट मांडलेलं "नाही" आणि दोन सकाळी फिरून लिहिलेलं "आहे" यांच्यात गुण दुसऱ्याला जास्त पडतात. मग पुढची मुलं शहाणी होतात. जिथे काही ना काही सापडणारच असे विषय निवडतात: रस्त्याकडेची माकडं, पठारावरची फुलपाखरं, बागेतले पक्षी. त्यात वाईट काही नाही, शिकायला ती जागा चांगलीच आहे. पण त्यामुळे गोव्याच्या नकाशावर ठिपके पुन्हा पुन्हा त्याच त्याच जागी पडत राहतात, आणि बाकीचा नकाशा कोरा तो कोराच. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान केंद्राच्या अभ्यासक्रमात पाहणीची आखणी हा विषय घासून घेतात. आपल्याकडे प्राणीशास्त्राच्या एम.एस्सी.त तो एखाद्या प्रकरणात उरकतो. मला विचाराल तर निदान एका सत्रात तरी गुण फक्त पद्धतीला द्यावेत. सापडलं काय ते परीक्षकाला सांगूच नये.

कोरा नकाशा म्हणजे रिकामं रान, असं धरून चालण्याची किंमत गोव्यानं मोजलेली आहे. केरीच्या बाजूला मातीत राहणारा, पाय नसलेला, गांडुळासारखा दिसणारा उभयचर २००७ साली विज्ञानाला कळला आणि त्याच्या नावात गोवा आलं. गोंयची हे नाव मिळालेला बेडूक तर २०१८ चा. तोवर हे दोघं इथेच होते. पावसात, रात्री, दगड उलटून पाहणारं कोणी नव्हतं इतकंच. फेब्रुवारीच्या कोरड्या पात्रात उभं राहून केलेली बेडकांची यादी ही बेडकांबद्दल काही सांगत नाही, ती फेब्रुवारीबद्दल सांगते.

वाघाचं तर बोलायलाच नको. गोव्यात वाघ राहत नाही, कर्नाटकातून येतो आणि जातो, हे वाक्य वर्षानुवर्षं इतक्या सहज बोललं गेलं की त्यामागे किती रात्रींची पाहणी आहे हे कोणी विचारेनासं झालं. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीला चार वाघ विषबाधेनं मेले. मग मोजणी झाली, ती मढ्यांची. त्यानंतर २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, आणि वाद पुन्हा तिथेच आला: राहतो की येतो-जातो. ज्याची गुरं गेली त्याचा राग समजतो. त्याच्या गावात वाघच नाही असं कागदावर असेल, तर गाय मारली कोणी, हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर येतं; भरपाईला उशीर, आणि उशिराचं पुढे काय होतं ते गोळावलीच्या निमित्तानं सगळ्यांनी वाचलं. कागदावरचा तो "नाही" वाघाला सोयीचा नव्हता आणि धनगराच्या गोठ्यालाही नव्हता.

आणि मग ते दुसरं शून्य, जे खरं असतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून त्यांच्या मूत्रपिंडात गेलं. गुरांसाठीच्या या औषधावर २००६ साली बंदी आली. राजस्थानात भरतपूरला कोणीतरी घरटी वर्षानुवर्षं मोजत होतं, म्हणून घसरण आकड्यांत पकडता आली. इतर बहुतेक ठिकाणी जुनी माणसं फक्त एवढंच सांगतात, "पूर्वी यायची." यायची थांबली कधी? गुरं टाकायच्या जागी ज्या सकाळी ती पहिल्यांदा आली नाहीत, त्या सकाळी तिथे वही घेऊन कोणी उभं नव्हतं. त्यामुळे आज गिधाड नाही हे आपल्याला माहीत आहे, पण ते नाहीसं होत असताना आपण नेमके कुठल्या वर्षी झोपलो होतो ते माहीत नाही. मोरजीला किंवा गालजीबागला कासवांच्या पहाऱ्यावर असणारे मात्र हे बरोबर करतात. मादी वर येऊन अंडी न घालताच परतली, तरी सत्तर-ऐंशी सेंटीमीटर रुंदीचा तो माग मोजून लिहितात आणि मग पायानं पुसतात, म्हणजे उद्या तोच पुन्हा मोजला जात नाही. पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकरून न फुटलेली, कुजलेली अंडीही मोजतात. त्या कामाला गर्दी जमत नाही, वास फार येतो.

ही विद्या फक्त विद्यापीठात ठेवून उपयोगाची नाही. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते आणि माणसं भांडायला तयार होऊन येतात. रस्ता, रेल्वे, वीजवाहिनी, जेटी, कशाच्याही निमित्तानं पर्यावरण अहवाल टेबलावर येतो आणि त्यातल्या एखाद्या तक्त्यात "पाणमांजर: आढळले नाही" अशी ओळ असते. तिथे उठून "आमच्याकडे आहे हो!" असं ओरडण्यापेक्षा विचारायला बरेच प्रश्न आहेत. कुठल्या महिन्यात पाहिलं? उधाणानंतर किती दिवसांनी? किती फेऱ्या, किती तुकड्यांवर, आणि ते तुकडे कोणी निवडले? कॅमेरा पाण्याच्या तोंडाशी होता की मागे? तो किती रात्री चालू होता, टांगलेला किती रात्री ते नव्हे. ज्या ठिकाणी गेलाच नाहीत ती ठिकाणं तक्त्यात कशी दाखवली आहेत? या सगळ्याची उत्तरं कार्यपद्धतीच्या प्रकरणात असायला हवीत. ते प्रकरण उघडून, पानाचा आकडा सांगून, मोठ्यानं वाचून दाखवा म्हणावं.